पक्की शिलाई

"अहो, ती घंटी वाजवू नका. मी काय म्हैस आहे, रस्त्यातून बाजूला व्हायला?"

मास्तरांनी घंटीवरचा अंगठा उचलला. "मी नाही वाजवली. खड्डा होता, आपोआप वाजली."

"मग खड्डा चुकवा."

सिस्टर पुढे धावत होत्या आणि मास्तर मागून सायकल हाकत होते. हँडलला पाण्याच्या दोन बाटल्या, पुढच्या टोपलीत केळी, टॉवेल आणि मीठ-साखरेची पुडी. नुकतंच उजाडलं होतं. पेपर टाकणारे, कुत्री फिरवणारे लोक या वरातीकडे बघून हसत होते आणि खोटं कशाला बोला, वरात हसण्यासारखीच होती. बावन्न वर्षांची बाई, पाठ ताठ, पावलं लहान लहान आणि भराभर. तिच्या मागे करकरणारी सायकल, आणि सायकलवर गळ्यातली मापाची टेप काढायला विसरलेला नवरा.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं अल्टरेशनचं दुकान होतं. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, पोट सुटलेल्यांचे शर्ट सैल करून द्यायचे आणि वर "कापडच आटलंय हो" असं म्हणून त्यांची लाजही राखायची. सिस्टर मोठ्या दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात होत्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, आणि ऐकून ऐकून मास्तरांच्या जिभेलाही तेच वळण लागलं होतं. एकदा तर मेव्हण्यासमोरच ते बोलून गेले, "सिस्टर, चहा टाका." मेव्हणा अजून ते सांगून सांगून हसतो.

मॅरेथॉन तीन आठवड्यांवर आली होती. आजची ही शेवटची लांब धाव, तीस किलोमीटरची. ही एकदा नीट पार पडली की पुढे सगळं हलकं हलकं करत न्यायचं, असं ठरलेलं.

"पाऊल जरा लांब टाक," मास्तर म्हणाले.

"सायकलवरून शेळ्या हाकू नका. उतरा आणि टाकून दाखवा."

 मास्तरांचा स्वतःचा दम जिन्याच्या दुसऱ्या वळणावर संपायचा.

गेल्या वर्षी सिस्टर याच शर्यतीत उतरल्या होत्या. बेचाळीस किलोमीटर, सहा तासांची मुदत. मुदतीत बसणार नाहीत अशांना गोळा करत सगळ्यांच्या मागून एक रिकामी बस येते. चौतिसाव्या किलोमीटरला, उड्डाणपुलाखाली, त्या बसने सिस्टरना गाठलं. दारातल्या पोराने हात पुढे केला आणि म्हणाला, "आजी, चढा." पाय तर दुखतच होते, पण ते 'आजी' जास्त दुखलं. घरी आल्यावर लेकीने मोबाइलवर निकाल काढला. सिस्टरच्या नावापुढे लिहिलं होतं : 'पूर्ण केली नाही'.

"जाऊ दे गं," मास्तर तेव्हा म्हणाले होते. "चौतीस काय कमी झाले? मला तर रिक्षाने गेलो तरी कंटाळा येतो."

"चौतीस कुठे लिहिलेत?" सिस्टर म्हणाल्या. "लिहिलंय ते वाचा. लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही."

हा त्यांच्या वॉर्डातला नियम. औषध दिलं आणि चार्टवर लिहिलं नाही, तर ते दिलंच नाही. नव्या पोरी 'दिलंय हो सिस्टर, शपथ' म्हणून रडकुंडीला यायच्या, पण तिथे शपथा चालत नसत. तीस वर्षं त्यांनी पोरींना हेच घोकून घेतलं. आता त्यांना स्वतःच्या नावापुढचं ते 'नाही' काढून तिथे 'पूर्ण केली' असं लिहून घ्यायचं होतं, बाकी काही नको होतं. त्यासाठी वर्षभर ड्यूटीच्या आधी, ड्यूटीच्या नंतर, पायाला फोड आले तर फोडांवर पट्टी बांधून बाई धावत होती.

अठ्ठाविसाव्या किलोमीटरला, एका बंद कारखान्याच्या फाटकापाशी, सिस्टर पाणी प्यायला थांबल्या. बाटली तोंडाला लावली, दोन घोट घेतले, परत दिली आणि पाऊल टाकायला गेल्या तर पोटरीत गोळाच आला. "आई गं!" म्हणून त्या फाटकाला धरून उभ्या राहिल्या. मास्तरांनी सायकल स्टँडवर लावायचं भान न ठेवता तशीच सोडली. केळी रस्ताभर झाली. खाली बसून ते पोटरी चोळायला लागले.

"तिथे नाही, वर. अंगठ्याने दाबा. हळू! हातात इस्त्री आहे का तुमच्या?"

पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाय सुटला, पण धावायला गेलं की पुन्हा धरायचा. शेवटी सिस्टर फुटपाथच्या कडेवर बसल्या आणि समोर बघत म्हणाल्या, "मला नाही जमणार हो."

एवढ्या वर्षांत हे वाक्य मास्तरांनी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.  पण बायको खचली की आपण खचायचं नसतं, निदान तोंडावर तरी नाही.

"हे बघ," ते म्हणाले, "कपडा ट्रायलला उसवला तर चांगलं असतं. गिऱ्हाईक घालून बाहेर पडल्यावर उसवला की मग बोंब."

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचं सगळं ज्ञान कपड्यातच."

"मग कशात असणार?"

त्या हसल्या. उठल्या, सायकलच्या कॅरिअरवर बसल्या, आणि घरी येईपर्यंत त्यांचं ठरलंसुद्धा होतं. "थांबल्यामुळे झालं ते. आता शर्यतीत थांबायचंच नाही. पाणी प्यायचं ते पळता पळता. कोणी हाक मारली तरी थांबायचं नाही. तुम्हीसुद्धा मारू नका. थांबले की संपलं."

मास्तर चढावर उभे राहून पायडल मारत होते. बोलायला श्वास नव्हता म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

पुढचे तीन आठवडे मात्र घरात राहायची सोय उरली नाही. धाव कमी करायची, आराम करायचा, असं सगळीकडे सांगतात. पण सिस्टरना आराम करायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यातला प्रकार. त्यांनी कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली, माळा धुऊन काढला. मग त्यांना रोज नवं काहीतरी दुखायला लागलं. सोमवारी घोटा, मंगळवारी मांडी, बुधवारी तर कानाखाली.

"कानाने पळतात का?" लेकीने विचारलं. ती कॉलेजात शिकत होती आणि आईची सगळी वाक्यं तिला तोंडपाठ होती.

"ताप येणार असेल तर आधी तिथेच दुखतं. तू मला शिकवू नकोस. अहो, हा घोटा बघा. सुजलाय ना?"

"नाही."

"नीट बघा."

मास्तर चष्मा लावून बघायचे. मग टेपच काढायचे, दोन्ही घोट्यांची मापं घ्यायचे आणि जाहीर करायचे, "दोन्ही सारखेच." तेवढ्याने सिस्टरना दिवसभर बरं वाटायचं. हाडांच्या वॉर्डातली बाई नवऱ्याच्या टेपवर विश्वास ठेवायची, आता काय म्हणावं!

आणि मास्तर? त्यांनी त्या आठवड्यांत एका शर्टाला डावीकडे उजवी बाही लावली. एका बँकेतल्या साहेबांची पँट दोन बोटं आखूड करायची ती चार बोटं केली. साहेब पँट धरून दारात उभे राहिले.

"मास्तर, लक्ष कुठे आहे तुमचं?"

"बायको मॅरेथॉन पळतेय," मास्तर म्हणाले. खरं तर माफी मागायची होती, पण आवाजात असा काही रुबाब आला की साहेबच वरमले. "अरे वा," म्हणाले, "मग राहू द्या, उन्हाळ्यात चालेल."

त्यानंतर जो येईल त्याला मास्तर हे सांगायला लागले. काज करायला आलेल्यालाही आणि रस्ता विचारायला आलेल्यालाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी सिस्टर नंबर घेऊन आल्या. कडक, चकचकीत कागदासारखं कापड, त्यावर मोठे आकडे, सोबत चार सेफ्टी पिना. टीशर्ट आणि नंबर दुकानात टाकून त्या घरी गेल्या. लवकर जेवून अंधार पडायच्या आत झोपायचं होतं. "पिना लावून ठेवा तेवढ्या, चारी कोपऱ्यांना. माझे हात थरथरतायत," जाताना त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पिना हातात घेतल्या आणि त्यांचं डोकंच फिरलं. पिना! पीन म्हणजे कच्चं काम. ट्रायलच्या वेळी घालून बघायला लावतात ती. सबंध जन्म शिलाईत गेलेल्या माणसाची बायको साऱ्या गावासमोर धावणार, आणि छातीवर काय, तर पिनांनी अडकवलेला नंबर? लोक काय म्हणतील?

त्यांनी मशीनवरचं काम बाजूला केलं. दोरा पांढरा लावला, सुई बारीक घेतली. नंबर उलटा करून पाहिला तर मागे फोममध्ये चिकटवलेली एक चंदेरी पट्टी. कडेवरून बोट फिरवलं. टोचत होती. लेबल टोचतं म्हणून आलेले कपडे मास्तरांकडे रोज असायचे. कॉलरमागचं, कमरेतलं, बगलेतलं. लेबल काढून द्या, एवढंच म्हणायचे लोक. आणि इथे तर सहा तास छातीवर घासणार होतं. मास्तरांनी उसवायची बारीक सुरी घेतली आणि कागदाला ओरखडाही न येता ती पट्टी अलगद सोडवली. पट्टी गेली चिंध्यांच्या पोत्यात. मग नंबरच्या कडा दुमडून त्यांनी चारी बाजूंनी दुहेरी टीप मारली. कापड ताणलं तर टीप तुटू नये म्हणून आतून मऊ अस्तर लावलं. शेवटी शर्टात हात घालून तळवा फिरवला. काही टोचत नव्हतं. एवढं चांगलं काम आपल्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

पहाटे सिस्टरनी शर्ट घातला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. नंबर छापल्यासारखा बसला होता.

"अहो," त्या म्हणाल्या. शिवणीवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या.

सुरुवातीच्या कमानीपाशी हजारो लोक होते. एका तरुण धावपटूने थांबून विचारलं, "काकू, नंबर कुठून प्रिंट करून घेतलात?" तेव्हा मास्तरांची छाती त्या नंबरपेक्षा रुंद झाली. मग भोंगा वाजला, गर्दी हलली आणि सिस्टरची ताठ पाठ तिच्यात मिसळून गेली.

लेक मोबाइलवर बोट फिरवत होती. "आता बघा हं बाबा. आई त्या जमिनीवरच्या पट्ट्यावरून गेली ना, की इथे दिसतं. पुढे पण जागोजागी पट्टे आहेत. कुठपर्यंत आली ते घरबसल्या कळतं." ती थांबली. तिने स्क्रीन खाली ओढली, पुन्हा ओढली. "हे काय? 'सुरुवात केली नाही' म्हणतंय."

"असं कसं? आपण बघितलं की डोळ्यांनी."

"मशीनला डोळे नसतात बाबा. नंबरच्या मागे चिप असते, ती बघतं मशीन. एक चंदेरी पट्टी—"

बोलता बोलता तिने बापाचा चेहरा पाहिला.

"बाबा?"

 "मला वाटलं लेबल आहे," ते म्हणाले. "टोचत होतं."

लेकीला हसावं की रडावं कळेना. मास्तरांना मात्र कळत होतं. बाई आता सहा तास धावणार, जिवाचं रान करणार, आणि शेवटी तिच्या नावापुढे काय राहणार? गेल्या वर्षी 'पूर्ण केली नाही' तरी होतं. या वर्षी सुरुवातच नाही. आणि हे कोणी केलं? ज्याला चार पिना लावायला सांगितल्या होत्या त्याने.

"तू केळी घेऊन पुलाखाली थांब," ते म्हणाले आणि त्यांनी सायकल वळवली.

मुख्य रस्ते बंद होते. गल्लीबोळांतून, दोनदा चुकून, एकदा एका भाजीच्या गाडीवर आदळून आणि शिव्या खाऊन ते दुकानापर्यंत पोचले. शटर वर केलं, पोतं जमिनीवर उपडं केलं. चिंध्या म्हणजे किती असाव्यात! पँटीची टोकं, कॉलरचे तुकडे, बाह्या, अस्तरं. आणि लेबलं तर शेकडो, त्यांतली निम्मी चंदेरी. ते गुडघ्यांवर बसून एकेक उचलून उन्हात धरून बघत होते. ती पट्टी सापडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांना धार लागलेली होती. त्यांनी पट्टी खिशात टाकली. टेबलावर कालच्या चार पिना तशाच पडल्या होत्या. त्यांतली एक उचलली.

पुलाखाली ते पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. लेक लांबूनच ओरडली, "बाबा, लवकर! आली नाही अजून, पण बस दिसायला लागलीय."

खरंच दिसत होती. रस्त्याच्या टोकाला, दिवे लावून, सावकाश. तिच्यापुढे विखुरलेली माणसं. काही चालत, काही लंगडत. आणि त्यांच्यात एक ताठ पाठ, लहान लहान पावलं. चेहरा घामाच्या मिठाने पांढरा झालेला, ओठ फुटलेले. पण पाय थांबत नव्हते.

पट्टी लावायला किती वेळ लागतो? एक पीन. शर्ट धरायचा, टोचायची, बंद करायची. पुढचे सगळे पट्टे तिला टिपतील, शेवटची कमान तरी नक्कीच. मास्तर एका हातात पट्टी आणि दुसऱ्या हातात पीन घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

सिस्टरनी त्यांना पाहिलं. पाऊल जरासं मंदावलं. "काय झालं हो?" आवाज घोगरा झाला होता.

मास्तरांनी तिच्या पोटऱ्यांकडे पाहिलं. उजवी थरथरत होती. हिला आता थांबवलं तर ही पुन्हा सुटणार नाही, हे त्यांना मापाइतकं स्वच्छ दिसलं. मागून बस येत होती. लिहून घेतलेलं तिच्या कामाचं, की धावून काढलेलं?

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "काही नाही! चल, चल, पळ!"

"मग रस्त्यात कशाला कडमडलात? बाजूला व्हा!"

ते बाजूला झाले. ती गेली. लेक केळं घेऊन काही पावलं तिच्याबरोबर धावली आणि परत आली. मग बस आली, त्यांच्यासमोरून सावकाश पुढे गेली. मास्तर तिच्या मागच्या काचेकडे बघत उभे होते. पीन त्यांच्या अंगठ्यात रुतली होती.

शेवटच्या कमानीपाशी ती दोघं अडथळ्याच्या दांड्याला टेकून थांबली. कमानीवर मोठं घड्याळ पळत होतं. कोणी पट्ट्यावरून गेलं की बारीक 'टीं' असा आवाज यायचा आणि फलकावर नाव उमटायचं. साडेपाच तास झाले. पावणेसहा झाले. 

"आली!" लेक किंचाळली. "बाबा, आई! बसच्या पुढे आहे!"

सिस्टर वळणावरून आल्या. मान थोडी कलली होती, पण पाठ ताठच. घड्याळात सहाला अजून नऊ मिनिटं होती. त्या पट्ट्यावरून गेल्या. आवाज झाला नाही. फलकावर आधीच्याचंच नाव राहिलं. पण मास्तरांनी तिकडे पाहिलंच नाही. हा माणूस दुकानात कधी आवाज चढवत नसे. तो दांड्यावर चढून, दोन्ही हात वर करून, गळा फाटेस्तोवर ओरडत होता. काय ओरडत होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्या कोण?" तर म्हणाला, "सिस्टर! माझी सिस्टर!" आणि बाईंना वाटलं, काय भाऊ आहे!

गळ्यात पदक अडकवून सिस्टर फुटपाथवर बसल्या. बूट काढले, मोजे काढले. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. पाणी प्यायल्या, तोंडावर मारलं, मग लेकीकडे हात केला. "माझा निकाल काढ गं."

लेकीने बापाकडे पाहिलं.

मास्तर समोर उकिडवे बसले. खिशातून पट्टी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. सगळं सांगितलं, पिना, टोचणं, पोतं, पूल. काही लपवलं नाही. "यंत्राला तू दिसलीच नाहीस," ते म्हणाले. "सुरुवात केली नाही, असं लिहिलंय. माझ्यामुळे."

 सिस्टरनी पट्टी उलटीपालटी करून पाहिली. "म्हणून पुलाखाली उभे होतात?"

"हो."

"मग दिली का नाहीत?"

"थांबली असतीस."

 सिस्टरनी शर्टाच्या गळ्यातून हात आत घातला आणि नंबरच्या मागून तळवा फिरवला. सहा तासांत तिथे ओरखडासुद्धा उठला नव्हता.

"तीस वर्षं पोरींना शिकवलं," त्या म्हणाल्या, "लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही."

मास्तरांची मान खाली गेली.

"चुकीचं शिकवलं," सिस्टर म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण पोरींना सांगू नका."

आणि त्या हसल्या. हसता हसता पोटरीत गोळा आला आणि "आई गं" म्हणून पाय धरला. मास्तर पुढे सरकून चोळायला लागले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी ते तसेच वाहू दिले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर ड्यूटीवर गेल्या. जिना उतरताना एकेक पायरी तिरक्या होऊन, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून. शेजारच्या बिऱ्हाडातले सगळे बघायला बाहेर आले होते. सिस्टरना दवाखान्यात सोडून मास्तर दुकानात आले. शर्ट रात्रीच धुतला होता. त्यांनी तो उलटा करून इस्त्री केला.

दुकानात दोन दांडे होते. एकावर व्हायचे कपडे टांगलेले असत, दुसऱ्यावर झालेले. बँकेतले साहेब काहीतरी घेऊन आले तेव्हा मास्तर शर्ट हँगरला लावत होते.

"याचा नंबर उसवायचाय वाटतं?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "हे काम झालंय." आणि त्यांनी तो झालेल्या कपड्यांच्या दांड्यावर, सगळ्यात पुढे लावला.